ठाणे उठले, आकाश राहिले

घोड्यांच्या टपालाचा तळ उठला म्हणजे दोनचार पावसाळ्यांत तेथे गवत माजते आणि पागेच्या भिंतीही कोणास ओळखू येत नाहीत. छावणी उठली की तिच्या रस्त्यांवर बाजार भरू लागतो. रेल्वेचा एखादा फाटा बंद पडला की रूळ काढून नेले जातात आणि खडीतून बाभळी डोके वर काढतात. माणसाचा वावर संपला की जमीन आपली आपण मोकळी होते, असा हा साधा अनुभव आहे. विमानतळ मात्र या नियमास अपवाद ठरला. त्याचे कारण असे की, विमानतळाला जेवढी जमीन असते, तिच्या कितीतरी पट आकाश असते. आणि हे आकाश कुंपणाने नव्हे, तर कागदावरील शाईने आखलेले असते. विमाने यावयाची थांबली म्हणून शाई पुसली जात नाही. ती पुसण्यास दुसरा कागद काढावा लागतो, आणि तो निघेपर्यंत गेलेल्या विमानांचे आकाश खालच्या वस्तीवर जसेच्या तसे उभे राहते.

आकाशाला धनी असतो ही कल्पना तशी जुनीच. मध्ययुगीन युरोपात रोमन कायद्यावर भाष्य लिहिणाऱ्या पंडितांनी असे सूत्र घालून दिले की, ज्याची जमीन त्याचेच वरचे आकाश, थेट स्वर्गापर्यंत. त्या काळी आकाशात पाखरांखेरीज कोणी फिरत नसल्यामुळे या औदार्याची किंमत कोणालाच द्यावी लागली नाही. विमान आले आणि पंचाईत झाली. पहिल्या महायुद्धानंतर १३ ऑक्टोबर १९१९ रोजी पॅरिस येथे राष्ट्रांचा करार झाला, त्यात प्रत्येक देशाच्या आकाशावर त्या देशाच्या सरकारची संपूर्ण सत्ता मान्य करण्यात आली. ७ डिसेंबर १९४४ च्या शिकागो कराराने तीच सत्ता पुन्हा दृढ केली. घरमालकाचे आकाश अशा रीतीने सरकारजमा झाले. पण त्याला ते कळले तेव्हा पुष्कळ वेळ गेला होता. अमेरिकेतील उत्तर कॅरोलायना प्रांतात कॉस्बी नावाच्या शेतकऱ्याच्या खुराड्यावरून लष्करी विमाने इतक्या खालून जात की, त्याच्या दीडशेच्या आसपास कोंबड्या भिऊन भिंतींवर आपटून मेल्या. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९४६ साली न्यायालयाने त्यास भरपाई देवविली, परंतु ते स्वर्गापर्यंतचे सूत्र आधुनिक जगात चालावयाचे नाही, हेही त्याच निकालात स्पष्ट सांगून टाकले. कोंबड्यांची भरपाई मिळाली, आकाश गेले ते गेलेच.

सरकारी आकाशात वाटा पाडण्याचे काम विमानतळांनी केले. लंडनजवळील क्रॉयडन येथे १९२० साली नियंत्रण-मनोरा उभारला गेला, आणि वर फिरणाऱ्या वैमानिकास खालून बिनतारी यंत्राने वाट सांगणारा मनुष्य प्रथमच नेमला गेला. धुक्यात दोन विमाने एकाच वेळी उतरू पाहू लागली तर कोणी आधी व कोणी मागाहून, हे ठरविणारा कोणीतरी हवाच होता. त्यातून विमानतळाभोवती एक गोल आखण्याची पद्धत पडली. या गोलात शिरण्यापूर्वी वैमानिकाने मनोऱ्याची परवानगी घ्यावी, असा दंडक. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे हा गोल जमिनीपासूनच सुरू होतो, आणि ज्या दिशांनी विमाने उतरावयास येतात त्या दिशांना तो निदान सव्वानऊ किलोमीटर पसरलेला असावा लागतो. हे झाले उडणाऱ्याचे बंधन. दुसरे बंधन राहणाऱ्याचे. मोठ्या विमानतळाभोवती चार किलोमीटरपर्यंत पंचेचाळीस मीटर उंचीचे एक अदृश्य छत मानलेले असते; धावपट्टीच्या दोन्ही टोकांकडून ते छत आणखी खाली येते, आणि चार किलोमीटरांच्या पलीकडे उतरत्या कौलांच्या उलट, चढते होत जाते. या छताला कोणत्याही इमारतीने, मनोऱ्याने वा धुराड्याने भोक पाडावयाचे नाही. हिंदुस्थानात हा अधिकार १९३४ च्या विमान कायद्याखाली सरकारकडे असे. १ जानेवारी २०२५ पासून त्या कायद्याची जागा भारतीय वायुयान अधिनियमाने घेतली आहे, अधिकार मात्र तोच आहे.

आकाश कसे भरते आणि कसे रिते होते, हे नागपूरकरांनी एकदा पाहिलेले आहे. सोनेगावचे मैदान पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१७-१८ च्या सुमारास, ब्रिटिश विमानदलाकरिता तयार झाले. दुसऱ्या महायुद्धात त्याला पुन्हा जाग आली, आणि इंग्रज गेल्यावर ते मुलकी विमानतळ झाले. त्याचे खरे दिवस, अथवा खऱ्या रात्री म्हणा, ३० जानेवारी १९४९ पासून सुरू झाल्या. दळणवळणमंत्री रफी अहमद किडवाई यांनी रात्रीच्या हवाई टपालाची योजना अमलात आणली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून संध्याकाळनंतर एकेक विमान निघे. चौघांची गाठ मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरास पडे. टपालाच्या थैल्या एका विमानातून दुसऱ्यात जात, प्रवासी उतरून काहीतरी खाऊन घेत, आणि पहाटेच्या आत चारही विमाने आपापल्या गावी परतत. १ एप्रिल १९४९ पासून देशांतर्गत साधी पत्रे जादा आकाराशिवाय विमानाने नेण्यास आरंभ झाला, आणि मुंबईस सायंकाळी टाकलेले पत्र दिल्लीत दुसऱ्या दिवशी सकाळी वाटले जाऊ लागले. देशाच्या मध्यावर असल्याचा नागपूरला एवढा रोकडा उपयोग क्वचितच झाला असेल. शून्य मैलाचा दगड शोभेसाठी असतो. ही मात्र रोजची मिळकत होती.

या योजनेला विरोधही झाला, आणि तो अडाण्यांचा नव्हता. रात्री उडण्यास लागणारी दिशादर्शक यंत्रे आणि जमिनीवरील सोयी अद्याप पुरेशा नाहीत, असा आक्षेप खुद्द जे. आर. डी. टाटांनी घेतला होता. त्यांची भीती सर्वस्वी खरी ठरली नाही, सर्वस्वी खोटीही ठरली नाही. १९५३ च्या ऑगस्टमध्ये विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण होऊन ही सेवा इंडियन एअरलाइन्सकडे आली. त्याच वर्षी १२ डिसेंबरच्या रात्री सोनेगावहून मद्रासकडे निघालेल्या डाकोटा विमानाच्या एका इंजिनाने उड्डाण होताच दगा दिला. ते विमानतळापासून फारसे दूर न जाताच कोसळले. तेरा माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत कामगारांचे पुढारी हरिहरनाथ शास्त्री होते. वैमानिक तेवढा वाचला.

उंचीच्या ज्या मर्यादांवर शहरातील लोक चिडतात, त्यांचा अर्थ अशा एका रात्रीत दडलेला आहे. दोन्ही इंजिने धडधाकट असलेले विमान झपाट्याने वर चढते. त्याच्यासाठी एवढा मोकळा पट्टा राखण्याचे कारण नव्हते. नियम लिहिला गेला तो ज्याचे एक इंजिन थांबले आहे अशा विमानाकरिता. मोठ्या धावपट्टीच्या टोकापासून पुढे जो उतरणीचा पट्टा मोकळा ठेवतात, त्याचा चढ शेकडा दोन एवढाच धरलेला असतो. म्हणजे पन्नास मीटर पुढे गेल्यावर अवघा एक मीटर उंची. लंगडे विमान तेवढेच चढू शकते. विमान उडत आहे तोवर खालच्या घराने मान तुकवावी, हे न्याय्यच आहे. प्रश्न येतो तो विमान गेल्यानंतर.

नागपूरचे रात्रीचे टपाल १९७३ साली बंद झाले. १९६४ पासून कॅरव्हेल आणि पुढे बोईंग अशी जेट विमाने देशात धावू लागली होती, आणि टपाल दिवसाच्या विमानांतून सरळ जाऊ लागले; मध्यरात्री नागपुरास भेटण्याची गरज उरली नाही. चोवीस वर्षे रोज गजबजणारे आकाश एका तारखेनंतर निवांत झाले. परंतु सोनेगाव बंद झाले नाही, दिवसाची विमाने येतच राहिली. त्यामुळे वरच्या गोलाला कोणी हात लावला नाही, आणि लावावयाचे कारणही नव्हते. उलट अलीकडे देशातील उंचावरील सगळे आकाश एकत्र करून त्याचे नियंत्रण नागपुरातून करावे, अशी योजना भारतीय विमानपत्तन प्राधिकरणाने मांडली आहे. नागपूरच्या वाट्याला आकाश सोडण्याचा प्रसंग आलेला नाही.

तो प्रसंग येतो तेव्हा काय करावे लागते, हे समजून घेण्यासारखे आहे. विमानतळ बंद झाल्याची पहिली खूण जमिनीवर दिसते. धावपट्टीवर मोठी पांढरी फुली काढतात. वरून ती दिसताच वैमानिकाने समजावे की, येथे उतरावयाचे नाही. यानंतरचे काम कागदावरचे. आकाशाचे ‘ए’पासून ‘जी’पर्यंत सात वर्ग आहेत. ‘ए’ म्हणजे सर्वांत कडक बंदोबस्त, ‘जी’ म्हणजे कोणाचेच नियंत्रण नसलेले मोकळे रान. मनोऱ्यातील मनुष्य निघून गेला तर त्याचा गोल खालच्या वर्गात उतरवावा लागतो, नाहीतर वैमानिक परवानगी मागत राहतो आणि उत्तर देण्यास कोणी नसते. जवळून जाणाऱ्या विमानांना विनाकारण वळसा पडतो. हा बदल कोणत्याही दिवशी करता येत नाही. सर्व जगाचे आकाशाचे नकाशे अठ्ठावीस दिवसांच्या फेऱ्याने बदलतात, आणि बदल अमलात येतो तो नेहमी गुरुवारी. त्यापूर्वी निदान अठ्ठावीस दिवस तो जगभरच्या वैमानिकांच्या हाती पडलेला असावा लागतो. पंचांगाबाहेर मुहूर्त नाही, असाच हा प्रकार आहे.

सूचनेवाचून विमानतळ मोडल्याचेही एक उदाहरण आहे. शिकागो शहराला तळ्याकाठचा मेग्ज फील्ड नावाचा छोटा विमानतळ नको झाला होता. नगराध्यक्ष डेली यांनी ३० मार्च २००३ च्या रात्री तेथे बुलडोझर पाठवून धावपट्टीवर फुल्या खोदविल्या. सकाळी पाहतात तो सोळा विमाने तेथे अडकलेली. ती पुढे शेजारच्या टॅक्सी-मार्गावरून उडवून न्यावी लागली. शहरावर कारवाई झाली आणि तेहतीस हजार डॉलर दंड बसला. पण तो कशाबद्दल, हे पाहण्यासारखे आहे. जमीन खोदल्याबद्दल नव्हे. विमानतळ बंद करण्यापूर्वी तीस दिवस आधी जी सूचना द्यावयाची, ती दिली नाही म्हणून.

रीतसर सुटलेले आकाश पाहावयाचे तर हाँगकाँगकडे पाहावे. तेथील काई ताक विमानतळ १९२५ पासूनचा. शहर वाढत वाढत त्याच्या भिंतीला येऊन भिडले, आणि विमाने कौलून शहराच्या गच्च्यांवर वाळत घातलेल्या कपड्यांना हात लावता येईल अशा रीतीने उतरू लागली. त्यांच्याकरिता कौलूनमधील घरे ठेंगणी ठेवण्यात आली होती. ६ जुलै १९९८ रोजी मध्यरात्रीनंतर काई ताकच्या धावपट्टीचे दिवे मालविले, रातोरात सामानसुमान नव्या बेटावरील विमानतळावर नेले, आणि सकाळी सेवा तेथून सुरू झाली. कौलूनवरील उंचीची बंधने त्यानंतर उठली. २०१० साली पश्चिम कौलूनमध्ये ४८४ मीटर उंचीची इमारत पूर्ण झाली. मौज अशी की, उंच इमारतींनी मागच्या डोंगरांची शिखरे झाकली जाऊ लागताच नगररचना खात्याने नव्या मर्यादा घालण्यास आरंभ केला. विमानांकरिता बांधलेले आकाश सुटले, आणि डोळ्यांकरिता पुन्हा बांधले गेले. परंतु या दुसऱ्या बंधनाला निदान खालचे लोक आपले म्हणू शकत होते.

महाराष्ट्रातील जुहूची गोष्ट हाँगकाँगच्या उलट आहे. समुद्रकाठच्या या सपाट चिखलाळ जमिनीवर १९२८ साली विमानतळ झाला. मुंबई फ्लाइंग क्लबही त्याच वर्षीचा. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे निघाले ते जुहूसच उतरले, आणि त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट यांनी तेच टपाल पुढे बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. हिंदी विमानवाहतुकीचा जन्म तो हाच. पावसाळ्यात मैदान इतके दलदलीचे होई की टाटांची विमाने चार महिने पुण्याहून चालत. मोठ्या विमानांना हे मैदान पुरणार नाही, हे महायुद्धात सर्वांच्या लक्षात आले. जवळच सांताक्रूझ येथे ब्रिटिश विमानदलाने मोठा तळ बांधला होता. १९४८ साली नियमित प्रवासी सेवा तिकडे गेली, आणि जुहूचे ठाणे उठले.

म्हणजे उठल्यासारखे झाले. फुली काही पडली नाही. फ्लाइंग क्लबची लहान विमाने उडत राहिली, धावपट्टी तशीच उरली. आणि तिची एक वाईट खोड लवकरच उघडकीस आली. जुहूची धावपट्टी आणि सांताक्रूझची मुख्य धावपट्टी या जवळजवळ एकाच दिशेला आखलेल्या आहेत. अरबी समुद्रावरून येणाऱ्या वैमानिकाच्या दृष्टीस आधी जुहू पडते. जुलै १९५३ मध्ये बी. ओ. ए. सी. कंपनीचे कॉमेट हे जेट विमान, त्या काळचे जगातील सर्वांत नवे प्रवासी विमान, चुकून जुहूस उतरले. ते आखूड धावपट्टीवर कसेबसे थांबले आणि काही दिवसांनी तेथूनच उडवून नेण्यात आले. एकदा झाले म्हणून सोडून द्यावे, तर २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअर लाइन्सचे डी. सी. ८ विमान त्याच चुकीने जुहूस उतरले. ही धावपट्टी अवघी अकराशे मीटरांच्या आसपास. एवढ्या थोरल्या विमानाला ती पुरणार कशी? विमान टोकावरून पुढे गेले आणि निकामी झाले. प्राणहानी झाली नाही, हे दैव. अशा वेळी कोणी म्हणेल की, हे मैदान एकदाचे मिटवून टाकावयास हवे होते. पण त्याच अपघातांवरून उलट धडाही घेता येतो: अर्धवट मिटलेल्या विमानतळाचे आकाश मोकळे सोडणे धोक्याचे, कारण चुकून का होईना, वरून कोणी येऊ शकतो.

पुढे जुहूला नवे काम मिळाले. १९७४ साली मुंबईपासून सुमारे एकशेसाठ किलोमीटरवर समुद्रात तेल लागले, आणि तेथील फलाटांवर माणसे नेण्या-आणण्याकरिता हेलिकॉप्टरे लागू लागली. १९८५ साली स्थापन झालेल्या पवन हंस कंपनीने जुहूस आपला तळ केला. १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, पहिल्या टपालाला पन्नास वर्षे झाली म्हणून, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे टाटा पुन्हा कराचीहून जुन्या बनावटीच्या विमानातून जुहूलाच आले. सारांश, जुहू पुरते बंद कधी झालेच नाही. प्रवासी गेले, विमान कंपन्या गेल्या. मनोरा राहिला, आणि मनोरा राहिला म्हणून गोल राहिला, छतही राहिले.

या छताखाली मात्र १९४८ नंतरची मुंबई वाढली. टाटा पहिल्यांदा उतरले तेव्हा जुहूच्या भोवती माड, मिठागरे आणि कोळ्यांची घरे होती. आज विलेपार्ले, सांताक्रूझ आणि अंधेरी यांची दाट वस्ती आहे. साठ-सत्तर वर्षांपूर्वी बांधलेल्या तीन-चार मजली इमारती जीर्ण झाल्या आहेत. अन्य उपनगरांत अशी इमारत पाडून तेथे उंच इमारत बांधतात; वरचे मजले विकून जो पैसा येतो, त्यातून जुन्या भाडेकऱ्यांना आणि सभासदांना नवी घरे मिळतात. विमानाच्या वाटेखालील इमारतीला वरचे मजलेच बांधता येत नाहीत, तेव्हा तिला हात लावण्यास ठेकेदार धजत नाही. गळके छत, गंजून फुगलेल्या सळया, टेकू दिलेल्या गॅलऱ्या, आणि त्यांत म्हातारी झालेली माणसे असा हा देखावा आहे. त्यांच्यापैकी पुष्कळांच्या डोक्यावर दुहेरी छत आहे: एक सांताक्रूझच्या विमानांचे, दुसरे जुहूच्या हेलिकॉप्टरांचे. सांताक्रूझच्या छताबद्दल तक्रार करण्यास जागा नाही, तेथे विमानांची रांग लागलेली असते. जुहूच्या छताबद्दल मात्र विचारता येईल. हेलिकॉप्टर हे सरळ वर चढू शकणारे यान. त्याला डाकोटाएवढी लांब, उतरती वाट लागते काय? आणि लागत नसेल, तर जी वाट १९३२ च्या विमानांकरिता मुक्रर झाली, तिची मोजणी आजच्या गरजेप्रमाणे पुन्हा का होऊ नये? लहान विमानेही तेथून उडतात, असे उत्तर यावर दिले जाते. उत्तर खरे आहे. परंतु थोड्या विमानांची सोय आणि हजारो कुटुंबांचे निवारे यांची तुलना करण्याचे काम कोणत्या कचेरीने करावयाचे, हे त्या उत्तरात नाही. विमानांची कचेरी सुरक्षितता पाहते, महापालिका इमारत पाहते. दोहोंच्या मधली हवा कोणाच्याच खात्यात मोडत नाही.

२०१५ साली उंचीच्या मर्यादांचे नवे नियम झाले आणि शहरांचे रंगीत नकाशे तयार करण्याची पद्धत आली. नकाशातील रंगावरून आपल्या जागेवर किती उंच बांधता येईल, हे महापालिकेला तेथल्या तेथे सांगता येते. तांबड्या पट्ट्यातील जागेला मात्र प्राधिकरणाचा नाहरकत दाखला वेगळा आणावा लागतो. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या नव्या विमानतळावरून उड्डाणे सुरू झाली, तरी सांताक्रूझ चालूच आहे आणि जुहूही. जुहूच्या एखाद्या जुन्या सोसायटीने घर नव्याने बांधावयाचे ठरविले म्हणजे आजही तिचा अर्ज प्रथम जागेचे अक्षांश-रेखांश आणि समुद्रसपाटीपासूनची उंची मोजणाऱ्या सर्वेक्षकाकडे जातो. आणि मग ते आकडे टाटांच्या त्या धावपट्टीपासून मोजून पाहिले जातात.